सांध्यातली फट

१९५७ साल. मी तेवीस वर्षांचा. आदल्या दसऱ्याला आमचं सगळं घर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलं, आणि आल्याबरोबर बापाने गावकीची कामं सोडली. मग गावानेही आम्हाला सोडलं. शेतावर कोणी बोलवेना. बाप पांढरकवड्याच्या लाकूड डेपोत आरा, म्हणजे दोघांनी धरायची मोठी करवत, ओढायला लागला आणि मी नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एका बॉडीच्या कारखान्यात सुतार म्हणून चिकटलो.

मी तिसरी शिकलेला माणूस. माझं शुद्धलेखन छापणाऱ्यांनी सुधारलं तर सुधारो. माझे सांधे मात्र त्यांनी हलवू नयेत.

बॉडीचा कारखाना म्हणजे काय, ते आधी सांगतो. लोकांना वाटतं ट्रक कंपनीतून अख्खा येतो. तेव्हा तसं नव्हतं. कंपनीतून यायचा नुसता सांगाडा. दोन लांब लोखंडी पट्ट्या, चार-सहा चाकं, पुढे इंजिन आणि स्टेअरिंग. त्याला चेसी म्हणायचं. ना छप्पर, ना दार, ना बसायला सीट. ड्रायव्हर एका लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, डोळ्याला चष्मा लावून शेकडो मैल ती चेसी हाकत आणायचा. कारखान्यात उतरला की आधी त्याला पाण्याची बादली द्यायची. चेहरा धुतल्यावर समजायचं की माणूस गोरा आहे का काळा. मग त्या सांगाड्यावर आम्ही केबिन उभी करायची, मागे फळ्यांची जमीन टाकायची, बाजूचे फाळके बसवायचे, रंग द्यायचा. सांगाडा कंपनीचा, पण ट्रकाला अंग द्यायचो ते आम्ही.

गिऱ्हाईक एकेक नमुना. आदिलाबादकडचा एक ड्रायव्हर होता, त्याला सीटच्या मागे कोंबड्यासाठी खोपा पाहिजे होता. झुंजीचा कोंबडा, त्याच्याशिवाय तो घाट चढत नव्हता. मी चांगला पट्ट्यापट्ट्यांचा खोपा करून दिला. पुढच्या फेरीला तो परत आला. म्हणे कोंबडा आरवत नाही, त्याले रस्ता दिसत नाही. मग केबिनला त्याच्या उंचीची खिडकी कापली. कोंबड्याला खिडकी करून देणारा मिस्त्री तुम्ही दुसरा दाखवा.

पण तेव्हा मी मिस्त्री नव्हतो. तीच तर गोष्ट आहे.

कारखाना करीम उस्तादांचा. माणूस हैदराबादकडचा, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. ट्रकाच्या मागच्या फाळक्यावर, खाली कोपऱ्यात, बॉडी करणाऱ्याचं नाव लिहायची रीत होती. कुठल्याही रस्त्यावर मागच्या ड्रायव्हरला ते वाचता यायचं. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकावर एकच नाव, करीम मिस्त्री. मग त्याच्या फळ्या कोणीही रंधलेल्या असोत. मी एकदा हिंमत करून विचारलं, तर ते म्हणाले, "एक गाड़ी अकेला बना. गाहक ले के जाए और वापस न आए, उस दिन तेरा नाम डालूँगा."

आता तुम्ही म्हणाल, नावाचं एवढं काय. गावात माझं नाव कोणी घेतलंच नव्हतं. जातीने हाक मारायचे, नाहीतर शाम्या. माझं नाव शामराव. ते कुठेतरी रंगाने लिहिलेलं असावं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यापुढून जावं, एवढं एकच मला तेव्हा पाहिजे होतं. बापालाही. तो डेपोतून येता-जाता फाळक्याकडे बघायचा. वाचता येत नव्हतं, म्हणून मला विचारायचा, "लिवलं का रे?"

माझ्या हाताची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्यात यायच्या आधी मी घाटंजीला एका बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करणाऱ्या म्हाताऱ्या सुताराच्या अंगणात काम शिकलो होतो. त्याच्या ओट्यावर मला जागा नव्हती, पण हातातली विद्या त्याने राखून ठेवली नाही. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला भोक पाडायचं, आणि असं ठोकून बसवायचं की सांध्यात डोक्याचा केस जाऊ नये. तो खरंच केस उपटून बघायचा. स्वतःचा नाही, माझा. केस आत गेला की सांधा मोडून परत करायचा. बंडीच्या चाकाचे आरे मधल्या तुंब्यात असे बसले पाहिजेत की चाक म्हणजे एकच लाकूड वाटावं. माझे सांधे तसे होते. त्याचा मला गर्व होता आणि आजही आहे.

पावसाळा सरल्यावर एक दिवस दोन बैल कारखान्याच्या फाटकातून एक मोटार ओढत आले. मागे हेमला नाईक, घाटंजीच्या वाटेवरच्या एका बंजारा तांड्याचे नाईक, डोक्याला मोठं पागोटं. मोटार विलायती, काळी, लांब नाकाची, लढाईच्याही आधीची. एका इजारदार जमीनदाराच्या घरी ती उभी राहून राहून सडली होती, आणि वारसांनी नाईकांना देऊन टाकली. इंजिन चालण्यासारखं होतं. अंग मात्र वाळवीने आणि उंदरांनी खाल्लेलं. उस्तादांनी पत्र्यावर बोट वाजवायला म्हणून दारावर बोट मारलं, तर आवाजच आला नाही. बाहेरून पत्रा नव्हताच. कापड होतं. जाड, रोगण दिलेलं काळं कापड, बाहुलीच्या अंगासारखं ताणून शिवलेलं.

उस्ताद हसले. नाईकांना म्हणाले, "दर्जी के पास ले जाओ." नाहीतर वरचं सगळं काढून टाकू आणि मागे फळ्या ठोकून माल वाहायची गाडी करून देऊ.

नाईकांनी मान हलवली. "मले हे मोटार जशी होती तशीच पाह्यजे. याच घाटंजीच्या रस्त्यानं हे यायची तं माह्या बापाले बैल घेऊन नालीत उतरा लागे. ड्रायव्हर लांबूनच भोंगा वाजवे. आता याच्यात तांड्याच्या बायका बसून बजाराले जातीन. भोंगाही तोच राह्यला पाह्यजे." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रंधा घेऊन उभा होतो. "काय मिस्त्री, होईन का?"

मला त्या दिवसापर्यंत कोणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. उस्ताद म्हणाले, तो अजून मिस्त्री नाही. मी म्हणालो, होईल. तोंडातून निघून गेलं.

उस्तादांनी मोटार माझ्या अंगावर टाकली. शर्त तीच. एकट्याने कर. बाजाराला जाऊन आली आणि नाईकांनी तक्रार केली नाही तर नाव. दुरुस्तीला परत आली तर ट्रकाच्या तळाच्या फळ्या ठोकत बसायचं, नाहीतर बापाच्या जोडीला आरा आहेच.

कापड उसवलं. खाली कापूस निघाला, चांगला पिंजलेला, जागोजागी गादीसारखा भरलेला. मला हसू आलं. आमच्याकडचा कापूस गाठी बांधून विलायतेला जातो, तो मोटारीत बसून परत आला की काय. कापसाखाली लाकडाची चौकट. लाकूड पांढरट, ओळखू न येणारं, साग नाही, बाभूळ नाही. लांब रेषेचं, वाकवलं तर तिवसाच्या काठीसारखं परत येणारं. कोणीतरी फार प्रेमाने रंधलेलं. आतल्या बाजूला, जिथे मालक कधी बघणार नाही, तिथेही गुळगुळीत. दाराच्या उंबऱ्यावर पितळेची बोटभर पट्टी, त्यावर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव इंग्रजीत. मला वाचता आलं नाही. पण साहेबाच्या देशातही अंग बनवणारा वेगळा असतो आणि तो नाव लावतो, एवढं कळलं.

आणि मग मी सांधे बघितले, आणि त्या साहेबाबद्दल माझं मत उतरलं.

एकही लाकूड दुसऱ्या लाकडाला टेकलेलं नव्हतं. जिथे दोन लाकडं भेटायला पाहिजेत, तिथे मधे फट. पोस्टकार्ड उभं सरकेल एवढी. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या टाकून बोल्टांनी दोघांना नुसतं जवळजवळ धरून ठेवलेलं. मी उस्तादांना बोलावून दाखवलं. दोघांचंही एकच मत पडलं: लाकूड इतकी वर्षं वाळत राहिलं, आटलं, फटी पडल्या. घाटंजीच्या म्हाताऱ्याने हे बघितलं असतं तर माझ्या डोक्यावर एक केस शिल्लक राहिला नसता.

सडलेली लाकडं काढली. सागाची नवी केली, प्रत्येकाला जीभ, प्रत्येकाला भोक, सरस लावून ठोकून बसवली. जुन्या सांध्यांच्या फटींत सागाच्या पाचरी मारल्या आणि तासून एकजीव केल्या. पुढचं डाव्या बाजूचं दार तेवढं धड होतं, त्याच्यावरचं कापडही चांगलं, म्हणून त्याच्या चौकटीला हात लावला नाही. नवं कापड आणलं, त्याला जवसाच्या तेलात काजळी खलून हात दिले, उन्हात वाळवलं. आत कापूस घाटंजीचाच भरला.

मोटार उभी राहिली तेव्हा रस्त्याने जाणारे ट्रक थांबायला लागले. उस्तादांनी चौकटीवर मूठ मारली आणि म्हणाले, "पत्थर है." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पदकच. बाप डेपोतून आला, दोन्ही हात मागे बांधून चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, इथं नाव चांगलं दिसन.

बाजाराच्या दिवशी नाईकांचा भाचा मोटार घेऊन गेला. लष्करात ड्रायव्हरी शिकून आलेला गडी. संध्याकाळी मोटार परत आली. फाटकातून आत यायच्या आधीच तिचा आवाज आला. मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही. वीस बंड्या तेलाशिवाय निघाल्यासारखा. मागचं एक दार नाईकांनी आपल्या पागोट्याने बांधून आणलं होतं, त्याची गाठ सुटेना. दुसरं उघडतच नव्हतं, आत दोन बायका अडकलेल्या. त्यांना खिडकीतून उतरवलं. एक उतरता उतरता मला म्हणाली, "भाऊ, याच्यापेक्षा नालीच बरी होती."

कापड उचकून बघितलं. माझ्या सागाच्या जिभा मोडल्या होत्या. जिथे त्या मोडल्या नाहीत तिथे जुनं पांढरं लाकूड चिरलं होतं. लाकूड लाकडावर घासून सांधे गरम झाल्यासारखे चकाकत होते.

उस्तादांनी एक मोडकी जीभ बोटाने ढकलून बघितली. कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. तेवढ्यावरच मला कळलं, नाव गेलं.

नाईक मात्र चिडले नव्हते. ते मोटारीच्या पायरीवर बसले, तंबाखू मळली. त्यांचे आजे लदेणीवाले. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरणारे. त्यातलं त्यांनी एक सांगितलं, मला नाही, तंबाखूला सांगितल्यासारखं. "गोणी बैलावर कशी टाकत, मालूम हाये? दोन्ही अंगाले लोंबती. कसून नाही बांधत. बैल चालला का गोणीनं थोडं डुललं पाह्यजे. कसून बांधली तं पह्यल्या मुक्कामालेच पाठ सोलून निंगे. माहा आजा म्हणे, माल बैलाचा पाहुणा हाये, बायको नोहे."

मी म्हणालो, "बैल वेगळा, मोटार वेगळी. लाकडाचं काम मले शिकवू नका, नाईक."

"नाही शिकवत, बापा," ते म्हणाले. "मी तं माह्या आजाची गोष्ट सांगून राह्यलो."

खरं सांगायचं तर मी ऐकलं नाही. लोकांच्या बोलण्यावर मी आजवर कधी काम बदललेलं नाही. पण भाच्याने जाता जाता एक सांगितलं होतं, की चाक खड्ड्यात गेलं की दार अडकतं आणि बाहेर निघालं की आपोआप उघडतं. ते मला खटकलं. दार बंद होतं-उघडतं म्हणजे चौकट आकार बदलते. माझी चौकट? जी पत्थर होती?

सकाळी भाचा आला, तसा मी मोटारीच्या पुढच्या चाकासमोर एक मोठा धोंडा ठेवला आणि भाच्याला मोटार त्याच्यावर चढवायला लावली. मग एकेक सांधा बघत फिरलो. चाक चढलं तशी खालची लोखंडी पट्टी वळली. डोळ्याला दिसेल एवढी वळली. दगडासारखी उभी असलेली चेसी पिळल्या फडक्यासारखी वळते, हे मी इतके दिवस त्याच्यावर काम करून बघितलं नव्हतं. माझे सांधे कुरकुरत होते, जीव खाऊन धरून बसले होते. आणि ते पुढचं डावं दार, ज्याला मी हात लावला नव्हता, त्याच्या चौकटीतल्या फटी एका बाजूला मिटत होत्या आणि दुसऱ्या बाजूला उघडत होत्या. आवाज नाही. श्वास घेतल्यासारख्या. दार हळूच लावलं, लागलं. उघडलं, उघडलं.

लाकूड आटलं नव्हतं. कोणीतरी मुद्दाम मोजून ती जागा सोडली होती.

मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून होतो. याला मी चूक म्हणणार नाही. बंडीला जे खरं तेच मी केलं, आणि आमच्यातल्या कोणत्याही चांगल्या हाताने तेच केलं असतं. वाईट हाताने केलं असतं तर कदाचित सैल राहून मोटार चालली असती. पण त्या समुद्रापलीकडच्या सुताराला मी मनात जे बोललो होतो, ते मात्र परत घेतलं. तेवढं माणसाने करावं.

उस्ताद आले तेव्हा मी करवतीने माझेच सांधे कापत होतो. आरा ओढणाऱ्याचा पोरगा, कापण्यात हात चांगला. ते म्हणाले, पागल झाला का? मी म्हणालो, फट ठेवतो. पाचरी उपटल्या. जीभ-भोक सगळं गेलं. पट्ट्यांसाठी लोखंड पाहिजे होतं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींना आवळायच्या लोखंडी पट्ट्या पडलेल्या असायच्या, त्या आणून दुहेरी केल्या, लोहाराकडून भोकं पाडली. बोल्टाखाली तेलात बुडवलेल्या कापडाच्या चकत्या घातल्या. नाईक एक-दोनदा येऊन पायरीवर बसून गेले. जाताना त्यांनी एकदा दाराच्या चौकटीला धरून हलवलं, ती थोडी डुलली, आणि ते मिशीत हसले ते मी बघितलं.

पुढच्या बाजाराला उस्तादांनी मलाही मोटारीत बसायला लावलं. परत आली तर याच्यासकट येईल, म्हणाले. आत तांड्याच्या बायका गच्च, कोपरापासून खांद्यापर्यंत बांगड्या भरलेल्या, मधे टोपल्या, आणि मी कोपऱ्यात. नाल्याचा उतार आला. एक चाक खाली गेलं, एक वर. मी डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले. सगळ्या बांगड्या एकदम वाजल्या. मग पुन्हा वाजल्या. त्याच्याशिवाय काही नाही. घाटंजीपर्यंत आणि परत, त्या मोटारीत बांगड्यांचा आवाज होता, मोटारीचा नव्हता. मागच्या वेळी खिडकीतून उतरलेली बाई या वेळी दारातून उतरली. उतरून तिने दार स्वतः लावलं, मग उघडून पुन्हा एकदा लावलं, खात्री करायला.

कारखान्यात आलो तेव्हा सूर्य कलला होता. बाप फाटकाशी उभा. उस्तादांनी दारं उघडून-लावून बघितली, खाली वाकून बघितलं, समाधान झालं. पण शर्त ती शर्त. म्हणाले, काम चांगलं झालं, पण गाडी एकदा वापस आली होती.

नाईक पागोटं नीट करत होते. "वापस आलती ते तुमची होती, उस्ताद. दगडाची. हे याची हाये."

उस्ताद दाढी धरून हसले आणि पेंटरला हाक मारली. मागे लिहू का, पेंटरने विचारलं. नाईक म्हणाले, मागे नको, उंबऱ्यावर लिव, त्या पितळी पट्टीच्या खाली. साहेबाचं राहू दे, याचंही येऊ दे. चढणाऱ्याला दोन्ही दिसले पाहिजेत. पेंटर म्हणाला, काय लिहू, शाम्या मिस्त्री? बाप फाटकापासून पुढे आला. तो म्हणाला, "शामराव. पुरं लिव."

पांढऱ्या रंगात, पितळेच्या खाली: शामराव मिस्त्री, पांढरकवडा. बापाने रंग ओला असताना बोट लावलं नाही, नुसतं हवेतून अक्षरांवरून फिरवलं.

पुढे कित्येक ट्रकांवर माझं नाव गेलं. हैदराबादपर्यंत गेलं, कोणी मद्रासला बघितलं म्हणायचे. केबिनच्या सांध्यात मी फट ठेवतो म्हणून लोक आधी हसायचे, पुढे मागून घ्यायचे. आता सगळं लोखंड, सगळं वेल्डिंग. दार लावलं की डबा वाजतो. वाईट एवढंच वाटतं की ती मोटार पुढे कुठे गेली ते मी विचारलं नाही. तांड्यात तिच्यात कोंबड्या बसायच्या म्हणतात. बसल्या असतील तर दारं अजून लागत असतील, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पण मी त्या दिवसाबद्दल सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलो. आदल्या संध्याकाळी एक नवी चेसी येऊन उभी होती, नागडी, धुळीने भरलेली, ड्रायव्हरचं खोकं अजून तिच्यावरच. माझ्या नावाची पहिली. मी ना टेप काढला, ना लाकूड उचललं. ड्रायव्हरला झोपेतून उठवलं, तोच धोंडा ढकलत आणला, चाक त्याच्यावर चढवायला लावलं आणि समोर उकिडवा बसलो. उस्ताद आले, बघितलं आणि म्हणाले, काम सोडून काय करून राह्यला?

"पाहून राह्यलो," मी म्हणालो, "हे कुठं वळते ते."